रतनमामांची लाकडाची भिंत

माझ्या नावापुढे आज पदवी लागते ती रतनमामांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून आई त्यांना भाऊ म्हणायची आणि मी मामा. राहायचे आमच्याच गावात आणि शहाद्याच्या एका लाकडाच्या वखारीत कामाला जायचे. कुठलाही ओंडका दिसला की बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. रस्त्यात बैलगाडी आडवी आली तरी सायकल थांबवून तिच्यातल्या लाकडांना कान लावत. गाडीवान हसे. मामा मान हलवून म्हणत, "अजून वल्लं शे," आणि पुढे जात.

गावात आम्हा मुलांना अभ्यासाला जागा नव्हती. घरं पत्र्याची, आणि एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली पुस्तक उघडणं म्हणजे तव्यावर बसणं. वीज असली तर पंखा गरम वारा फेकायचा. मामांनी स्वतःच्या घरासाठी घेतलेल्या जागेवर अभ्यासिका बांधायला काढली. विटा नाहीत, सिमेंट नाही. बांधावरच्या बाभळी आणि वखारीतले टाकाऊ ओंडके हातभर लांबीचे कापून, साल काढून त्यांनी दोन उन्हाळे वाळवले. लोक म्हणाले, आता तरी बांधा. मामा म्हणाले, "लाकूडले घाई कराले येत नई रे भो, आपलेच येस."

मग ते ओंडके भिंतीत आडवे रचले. एक तोंड घरात, दुसरं बाहेर, दोन्ही बाजूंना चुना-मातीचा गारा आणि मधल्या पोकळीत चुना घातलेला लाकडाचा भुसा. भिंत अशी दिसे की कोणी लहानमोठ्या भाकरी चिकटवून ठेवल्या आहेत. गावाने तिचं नाव ठेवलं, सरपणाचं घर. शेजारचे दगाआबा तर रोज यायचे. "काय रतन, पुरा गावनं सरपण भितमा भरी दिधं का?"

"हां आबा. पेटाडानं व्हई तं पेटाडा. पन पहिले एक दुपार मझार बठी देखा."

आबा एका दुपारी खरंच आत जाऊन बसले आणि दिवे लागेपर्यंत घोरत पडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बाहेर काढणं हेच आमचं काम झालं. पंख्याशिवाय ती खोली माठाच्या पोटासारखी गार असे. मी बारावी तिथे केली. निकालाच्या दिवशी मामा म्हणाले, "आते तू लोणखेडाले कॉलेजमा जाशी. तठे पंखा ऱ्हाई. पन पंखाखाले झोपी नको जाजो." मामा स्वतः मात्र पत्र्याच्याच घरात राहत होते, आजही राहतात.

पदवीनंतर मी पुण्याला नोकरीला लागलो. तिथल्या मित्रांना जिओकॅशिंगचा नाद होता. कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश अॅपवर टाकतो. बाकीचे मोबाइल घेऊन तो शोधतात, आतल्या कागदावर नाव लिहितात आणि डबा होता तिथे ठेवतात. नियम साधे : खणायचं नाही, मोडायचं नाही, जागा ज्याची त्याला विचारायचं. गेल्या हिवाळ्यात मी हौसेने हा खेळ आमच्या गावात भरवला. पुण्याहून वीसेक जण आले, गावातली शाळेची मुलंही सामील झाली. सहा डबे होते. केळीच्या बागेच्या कडेला, गोमाई नदीच्या काठावर, असे पाच. सहावा मी अभ्यासिकेच्या भिंतीत ठेवला.

मामांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, हे मला माहीत होतं. पण आपल्या गावात आपल्याला बनियनवरच्या एका म्हाताऱ्याची परवानगी घ्यावी लागते, हे मित्रांना दिसायला नको होतं. आदल्या दिवशी मामा वखारीत असताना मी एक ओंडका ठोकून ठोकून बाहेर काढला. मामांच्याच करवतीने त्याच्या टोकाची चकती कापली, पोकळीत डबा ठेवला आणि चकती झाकणासारखी बसवली. उरलेला तुकडा आमच्या घरामागच्या सरपणात टाकला.

मोबाइलवरची खूण पाच-सात पावलं इकडेतिकडे होते, हे मी विसरलो होतो. सगळे भिंतीपाशी आले आणि प्रत्येक जण वेगळा ओंडका ओढून बघू लागला. एकाने गाडीतला पाना आणला. गारा फुटला, पाच-सहा ओंडके खाली पडले आणि फाटक्या पोत्यातून सांडावा तसा भुसा बाहेर सांडू लागला. कोणीतरी ओरडलं, "सापडला!" टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मामा आले.

"कोनी सांगं रे हाई तुमले?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकी मराठीत म्हणालो, "मला कल्पना नाही, मामा. डबा बाहेरच्या कोणीतरी ठेवला असेल."

मामांनी खाली पडलेली चकती उचलली. कापलेल्या बाजूवरच्या करवतीच्या ताज्या खुणांवरून अंगठा फिरवला, वास घेतला. मग माझ्याकडे न बघता पाहुण्यांना म्हणाले, "बठा, बठा. लाकूड सुकी गयं म्हनीसन ढिलं पडनं. चुकी मन्ही शे. चहा पी ल्या."

पाहुण्यांना नीट कळलं नाही. एकीने मला विचारलं, "काय म्हणतायत काका?"

मी सांगितलं, "म्हणतायत, चूक त्यांचीच आहे."

सगळ्यांनी चहा घेतला. मीही घेतला.

निघताना मी मागे वळून पाहिलं तर मामा घमेल्यात चुना कालवत होते. मी जवळ गेलो. ते हळू आवाजात म्हणाले, "पुढला टाइमले माले सांगजो, भाचा. मी जागा करी दिसू." मी मान खाली घातली आणि गाडीत बसलो. पुढे महिनाभर रोज फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो. शेवटी पत्र लिहिलं. ते असं :

ती. रतनमामांना साष्टांग नमस्कार.

भिंतीत डबा मी ठेवला होता. ओंडका मी काढला, तुमची करवत वापरली आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो. तुम्ही चकती हातात घेतलीत तेव्हाच तुम्हाला कळलं, हे मला माहीत आहे. तरी तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत, आणि मी ती तुमचीच म्हणून माझ्या तोंडाने पाहुण्यांना सांगितली. त्याची लाज मला डब्यापेक्षा जास्त वाटते.

त्या वीसही जणांना मी खरं काय ते लिहून कळवलं आहे. होळीला आठ दिवसांची रजा घेतली आहे. भिंतीतलं भगदाड तुम्ही केव्हाच बुजवलं असेल. नसेल, तर गारा मी कालवीन. असेल, तर तुम्ही सांगाल ते काम करीन.

तुमची नजर आता अक्षरांवर ठरत नाही. हे पत्र तुम्ही अभ्यासिकेत कोणाकडून तरी वाचून घ्याल आणि सगळी मुलं ऐकतील, हे ठाऊक असूनच लिहितो आहे. वाचणाऱ्याला मध्ये थांबवू नका. सगळं वाचू द्या.

तुमचा भाचा,
रवींद्र