सरांनी अंगावर घेतलेली रेघ

भानुदास सरांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी शिडीवर होतो. कॉलेजात त्यांच्या वर्गातला पंखा दुरुस्त करत होतो. कान मात्र खाली होते. फळ्यावर नुसते ठिपके आणि रेघा काढून सर विजेचं जाळं शिकवत होते. न राहवून मी वरूनच विचारलं, "सर, ह्याच्यात मोटारी कुठंयत?" पोरं हसली, सर हसले नाहीत. म्हणाले, "मोटारी मंग बघू. आधी कोण कोणाला जोडलंय ते बघा." त्या दिवसापासून मागचा बाक माझा झाला. दहावी नापास वायरमनला सरांनी कायम अहो-जाहोच केलं.

पुढं जालन्यातच मस्तगडला मी स्वतःची पाटी लावली. पहिलं मोठं काम एका दालमिलचं. दोन शेड होत्या; दुसरा ट्रान्सफॉर्मर मी नवा बसवला. पण मशिनी बंद असल्या तरी दोन्ही ट्रान्सफॉर्मर कण्हायचे, केबली तापायच्या. मालक म्हणाले, "सोमवारपर्यंत न्हाई जमलं, तर जालन्यात तुला कोणी बल्ब लावायला बी बोलावणार न्हाई."

सर स्कूटरवर आले. प्रत्येक बोर्डाला नंबर दिला. कोणती वायर कुठून कुठं जाते ते मी सांगत गेलो, सर लिहीत गेले. ती यादी त्यांनी कॉलेजातल्या कॉम्प्युटरला दिली आणि उत्तर घेऊन परत आले. त्याचे आकडे आणि मीटरचे आकडे जुळेनात.

"मास्तर, तुमचं मशीन बी ह्याच्याच जातीचं दिसतंय!" मालकांनी टोला हाणला.

"मशीन बराबर आहे," सर शांतपणे म्हणाले. "त्याला सांगितलेलं जाळं अपुरं आहे." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही जिला वायर धरतच न्हाई, अशी एखादी वायर आहे का?"

तशी एक होती. एका शेडची वीज गेली की दुसरीकडून घ्यायला जुन्या मिस्त्रीनं ओढलेली केबल पोत्यांमागं होती. मी रोज ती ओलांडत होतो. पण आमच्या धंद्यात कामचलाऊ वायर वायरीत मोजत नाहीत. तिच्यामुळंच दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकमेकांत वीज फिरवत बसले होते. ती सोडवली आणि कण्हणं थांबलं.

"ही यादीत का नव्हती?" मालक गरजले.

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "लिहून घेताना माझी एक रेघ राह्यली."

गेटाबाहेर मी विचारलं, "सर, असं का बोलले?" स्कूटरला किक मारत ते म्हणाले, "माझी नोकरी पक्की आहे. तुमची पाटी अजून ओली आहे."

त्या पाटीखाली आज चाळीस माणसं काम करून राह्यलीत. दालमिलचे मालकही अजून आहेत, सरांचा हा गौरवग्रंथ त्यांच्या हाती जाईलच. म्हणून सरांच्या पंच्याहत्तरीच्या निमित्तानं लिहून देतो: ती रेघ सरांकडून नाही, माझ्याकडून राहिली होती.

सर, असेच ठणठणीत राहा. शंभरीच्या सत्काराला पंखा बघायला शिडीवर मीच चढणार आहे.