डाव्या हाताचा समुद्र

इटलीमामा सायकल चालवताना समोर फारसं बघायचेच नाहीत. हँडल सरळ, पाठ सरळ आणि मान मात्र डावीकडे. त्या डावीकडे असायचं काय? कपाशीची पऱ्हाटी, एखादी बाभूळ, बांधावर बसलेलं मरतुकडं कुत्रं. तरी मामा असे बघायचे, की नव्या माणसाला वाटावं तिकडे कुणाचं तरी लग्न चाललंय. "मामा, पडाल एखाद्या दिवशी," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं असे. "पडलो तं पडलो. डाव्या हाताले समुद्र हाये."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता आणि समुद्र तिथून किती लांब हे कुणी मोजलेलं नव्हतं. कामरगावपासून काही कोसांवर एक सरकारी दवाखाना होता, तिथे मी हिवतापाच्या काचा तपासायला होतो. इटलीमामा त्याच दवाखान्याचे फिरते कर्मचारी. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप आला का विचारायचं, आला असेल तर बोटातला रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि निघताना दाराशेजारी भिंतीवर गेरूने तारीख लिहायची. ती तारीख म्हणजे मामा येऊन गेल्याचा पुरावा. काचा संध्याकाळी माझ्या टेबलावर येत आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यात हिवतापाचे जंतू शोधत बसे.

नाव इटलीमामा पडलं त्याला कारण होतं. दुसऱ्या महायुद्धात ते विशीतले शिपाई म्हणून तिकडे गेले होते. लढाई पुढे सरकली आणि हे मागे राहिले, समुद्रकाठच्या एका गावातल्या लष्करी दवाखान्यात. तिथून आठ मैलांवर दुसरा दवाखाना होता. रोज सायकलने औषधं आणि चिठ्ठ्या पोचवायच्या. रस्ता सुना. उजवीकडे डोंगर, डोंगरावर लिंबांचे मळे, आणि डावीकडे खाली समुद्र. "लिंबू केवढं, तं वांग्याएवढं," ते सांगत. आमचा कंपाउंडर हसला की आणखी जोरात सांगत. समुद्राचा रंग विचारला तर म्हणत, "आपला जयंतीचा झेंडा हाये ना, तेवढा निळा."

एकदा मीच खोडी काढली. "मामा, जाताना समुद्र डावीकडे, मग परत येताना उजवीकडे असेल की!" मामांनी पंपाने हवा भरता भरता मान वर केली. "येताना मी पायतच नोतो, साहेब. येताना भूक लागेल राहे." सगळे हसले, मीही हसलो.

तो रस्ता न विसरण्याचं खरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं, तेही न विचारता. वाटेत एक म्हातारी राहायची. चढ चढून धापा टाकत आलेल्या या काळ्या पोराला तिने एके दिवशी थांबवलं आणि आपल्या पेल्यातून पाणी दिलं. आधी ती स्वतः प्याली, मग त्याच पेल्यातून हे प्याले. "तोपरेन मले असं कोनं पानी पाजलं नोतं, साहेब. वरतून वतत. मी तं रडलो तिथीच. तिले वाटलं माह्यं पोट दुखून राह्यलं." पुढे छप्पन साली मामांनी दीक्षा घेतली, सरकारी नोकरी लागली, संसार झाला. पण रस्ता म्हटला की त्यांना तोच आठवायचा.

चढाला मामा सरळ उतरून चालू लागत. त्यात त्यांना कसली लाज नव्हती. "सायकल हातात धरून चाललं तं काई हारलो नाई आपन. फकत थांबाचं नाई." मी तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा होतो आणि चढ आला की थांबणाऱ्यांपैकी होतो. हे सांगायला आता काही वाटत नाही. त्या वर्षी ताप फार होता. रोज शे-दीडशे काचा यायच्या, डोळे भगभगायचे, मान आखडायची. एके दिवशी एक खोकं उद्या बघू म्हणून टेबलाखाली ढकललं. मग दुसरं ढकललं. रजिस्टरात नोंदही केली नाही, कारण नोंद केली की निकाल लिहावा लागतो. वर मात्र कळवत राहिलो की काम आजवर पुरं आहे. दोन महिन्यांत टेबलाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही.

टेकडीपलीकडे एक बौद्धवस्ती होती, वीस-बावीस घरांची. मामांचा तिथे जीव. एप्रिलात जयंती आली तशी बायांनी सगळी घरं चुन्याने पांढरीशुभ्र केली. मामा फेरीला गेले तर एकाही भिंतीवर तारीख नाही. ते एका ओट्यावर बसले आणि त्या घरच्या शेवंताबाईला म्हणाले, "अवो माय, घर तं लय साजरं केलं, पन माह्या तारखा गेल्या. आता साहेब पाहाले येतीन." एवढं बोलून, चहा पिऊन ते गेले. शेवंताबाईला मात्र रुखरुख लागली. तिची सून चौथी शिकलेली. तिने कॅलेंडर काढलं, पंधरा-पंधरा दिवस मोजले आणि वस्तीतल्या प्रत्येक भिंतीवर सगळ्या तारखा गेरूने परत लिहून काढल्या. मामांना पुन्हा तरास नको म्हणून पुढच्या दोन फेऱ्यांच्याही लिहून ठेवल्या.

चार दिवसांनी तपासणीचे साहेब जीपने आले. भिंतीवर अजून न उजाडलेल्या दोन तारखा, एका हातच्या, बावीस घरांवर. साहेबांनी मामांना तिथेच बोलावून घेतलं. सरकारी नोंदीत कुणी हात घातला असेल तर पोलिसात देईन, असं ते ओरडत होते. शेवंताबाईची सून दाराआड उभी होती. मामांनी भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीच लिवल्या, साहेब."

साहेब तसे न्यायी होते, हेच वाईट झालं. दवाखान्यात येऊन त्यांनी मला विचारलं, "हा माणूस त्या वस्तीत जातच नव्हता का? गेला असेल तर तिथल्या काचा आल्या असतील. बघा." काचा माझ्या पायाशी होत्या. प्रत्येकीवर वस्तीचं नाव, घर नंबर, तारीख, सगळं मामांच्या हातचं. खोकं वर काढलं असतं तर मामा सुटले असते आणि मी अडकलो असतो. मी रजिस्टर उघडलं, पानावर बोट फिरवलं आणि म्हणालो, "गेल्या दोन महिन्यांची नोंद दिसत नाही, साहेब." यात एक शब्द खोटा नव्हता. मामा दारात उभे होते. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन सायकलच्या सीटवरची धूळ पुसू लागले.

मामांची फेरी काढून घेतली आणि वाशीमला औषधांच्या गोदामात बसवायचा हुकूम निघाला. नोकरी वाचली, रस्ता गेला. मामा दर शनिवारी सायकलने इंझोरीला घरी जात. शेवटच्या शनिवारी मला म्हणाले, "चाला माह्यासंगं, थोडे दूर." मला नाही म्हणता आलं नाही. ऊन मरणाचं होतं. पहिल्याच चढाला मी उतरलो, तेही उतरले. चढाच्या मध्यावर मी विचारलं,

"मामा, त्या खोक्याचं तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुमी थकले होते, साहेब. मी रोज आनून टाको, तुमचे डोये दिसत मले." मग चार पावलं चालून म्हणाले, "पन काचा पाहून घ्या. लोकायचं रक्त हाये ते."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी मी खोकी वर काढली आणि आठवडाभर डोळा सूक्ष्मदर्शकावरून हलवला नाही. त्या वस्तीच्या काचांत एक हिवतापाची निघाली. नाव वाचलं तर शेवंताबाई. मामांनी ताप पाहून पहिल्या गोळ्या दिल्याच होत्या, पण जंतू सापडला की पाच दिवसांच्या वेगळ्या गोळ्या लागतात आणि त्या रोज समोर उभं राहून गिळवाव्या लागतात. दोन महिने ती बाई अधूनमधून थरथरत होती, त्याच अंगाने तिने घर चुन्याने पोतलं होतं. आणि फेरीला आता माणूस नव्हता. कंपाउंडरची सायकल पुन्हा मागून घेतली आणि मी निघालो.

पाच दिवस गेलो. पाचही दिवस टेकडी सायकल हातात धरून चढलो. रोज भिंतीवर त्या दिवसाची तारीख लिहिली. सून म्हणाली, "मामा कवा येतीन?" मी गोळी मोजत होतो, ऐकू न आल्यासारखं केलं. शेवंताबाईचा ताप उतरला. मग सगळ्या काचा त्यांच्या खऱ्या तारखांनी रजिस्टरात चढवल्या, खोक्यांची हकिगत कागदावर लिहून साहेबांकडे पाठवली. मला ताकीद मिळाली, एक वेतनवाढ थांबली. मामांचा हुकूम मात्र फिरला नाही. मी दोनदा विचारलं, तर कागद वर गेल्याचं कळलं. कागद वर गेला की गेलाच.

पावसाळा संपता संपता मी वाशीमला गेलो. गोदामात खिडकी नव्हती. मामा स्टुलावर बसून बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत होते. चार-सहा महिन्यांत माणूस इतका म्हातारा होतो हे मला माहीत नव्हतं. मी पाया पडलो. त्यांनी आधी विचारलं, "शेवंता बरी हाये ना?" बरी आहे म्हटलं. "भितीवर तारीख लिवली?" लिहिली म्हटलं. "कोनती?" त्याच त्या दिवसाची, म्हटलं. ते पहिल्यांदा हसले.

"मामा, पाचव्या दिवशी परत येताना उतारावर पडलो मी. हे बघा, कोपर."

"काहून? बिरेक नोता?"

"ब्रेक होता. मी डावीकडे बघत होतो."

मामांनी हातातली बाटली खाली ठेवली. माझं कोपर धरून जखमेचा वण दाराच्या उजेडाकडे वळवून पाहिला, दवाखान्यात आलेल्या रोग्याचा पाहावा तसा. बराच वेळ त्यांनी ते सोडलं नाही.

"चुकलं तुमचं," ते म्हणाले. "येताना तो उजव्या हाताले राह्यते, साहेब."