एकाच जागेसाठी दोघी

नोकऱ्या जाणार अशी कुजबुज सुरू झाली आणि आमच्या मजल्यावरची माणसं एकाएकी गोड वागायला लागली. एरवी एसीवरून रोज भांडणारे लोक एकमेकांना विचारून तो कमी-जास्त करू लागले. कुणी घरून लाडू आणायचं, कुणी जाता जाता उगाच खांद्यावर हात ठेवायचं. आज ते दिवस आठवले की मला आधी तो गोडवा आठवतो. भीती नंतर आठवते.

ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला. परदेशातल्या एका विमा कंपनीचे क्लेम आमच्याकडे तपासायला यायचे. तिकडे वादळात कुणाचं छप्पर उडालं, कुणाची गाडी बर्फावरून घसरली, की त्याचे कागद आमच्या स्क्रीनवर. आमच्यापैकी कुणीच बर्फ पाहिलेला नव्हता, पण बर्फात घसरलेल्या गाडीचं काय काय मोडतं ते आम्ही झोपेतही सांगितलं असतं. मी कॉलेज संपल्यावर थोडे दिवस इकडेतिकडे काम केलं आणि मग तिथे लागले, ती तिथेच राहिले. लग्न झालं, मुलुंडला राहायला गेले, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, पण माझी खिडकीजवळची खुर्ची तीच.

शेजारच्या खुर्चीत माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो होतो. ओळखपत्राच्या फोटोसाठी रांगेत उभ्या होतो, तेव्हा तिनं मागे वळून ओळखदेख नसताना मला सांगितलं, "टिकली सरळ कर गं. इथे असेपर्यंत वाकडी दिसशील." ती दिंडोशीला वाढलेली, घरचे मूळ मालवणकडचे. बोलणं पक्कं मुंबईचं, पण चिडली की थेट मालवणीत शिरायची. डब्यात बांगड्याचं तिखलं असलं की पॅन्ट्रीत अर्धा मजला नाक मुरडायचा आणि उरलेला अर्धा वाटी घेऊन यायचा.

मग आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. सगळ्यांना खालच्या हॉलमध्ये बोलावलं, पडद्यावर कुणीतरी साहेब दिसले आणि त्यांनी सांगितलं की काहीही बदलणार नाही.

मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "काही बदलणार नाही हे सांगायला एवढा मोठा पडदा लागतो? वाट लागली यार आपली."

पुढच्याच महिन्यात सुरुवात झाली. एचआरची बाई एखाद्याच्या खुर्चीपाशी यायची आणि अगदी हळू आवाजात विचारायची, "पाच मिनिटं आहेत का?" तो माणूस तिच्यामागून जायचा आणि परत खुर्चीवर यायचा नाही. त्याची बॅग शिपाई खाली नेऊन द्यायचा. पहिल्यांदा गेला तो आमच्यातला सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा. प्रत्येकासाठी केक त्यानंच आणायचा, टोपी त्यानंच घालायची. तो गेल्यावर थोड्याच दिवसांनी त्याचा स्वतःचा वाढदिवस आला. मैत्रिणीनं केक आणला, फोन उभा करून त्याला समोर घेतलं आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्याशिवाय तो केक कापला. तो तिकडून हसत होता. "जाडीला मोठा तुकडा द्या रे," असं कुणाला तरी चिडवत होता. फोन बंद झाल्यावर उरलेला केक तसाच खोक्यात राहिला.

त्यानंतर आम्ही दोघींनी ठरवलं की दुसरीकडे बघायचं. मी कॉलेजनंतर पहिल्यांदाच बायोडाटा लिहायला बसले. तो वाचून मैत्रीण म्हणाली, "हा काय गं? सुस्वभावी, मनमिळाऊ, जबाबदारीची जाणीव असलेली. नोकरी शोधतेयस की नवरा?" मग तिनंच तो सबंध खोडून नव्याने लिहिला. माझ्या कामाबद्दल मला जे सांगता येत नव्हतं ते तिला सगळं माहीत होतं. कुठल्या क्लेममध्ये मी खोटे फोटो पकडले होते, नवीन मुलींना कोण शिकवायचं, सगळं. ते वाचताना ही बाई कोण असा मला प्रश्न पडला.

फोन येऊ लागले. एक कन्सल्टंट, आवाजावरून अगदी कोवळी मुलगी, म्हणाली, "मॅम, इतकी वर्षं एकाच कंपनीत? मूव्ह का नाही केलं?"

मी घाईत आहे सांगून फोन ठेवला. एका जागी टिकून राहणं ही आमच्या घरात कौतुकाची गोष्ट होती. माझे वडील भांडुपच्या कारखान्यात लागले ते तिथूनच निवृत्त झाले, निरोपाला त्यांना घड्याळ मिळालं, ते आईनं शोकेसमध्ये ठेवलं. मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं की माझा सगळ्यात मोठा गुण आता दोष झालाय. तो कांदा चिरत होता. म्हणाला, "तिला सांग, नवराही तोच आहे अजून." मी हसले, पण ते मनातून गेलं नाही.

तेवढ्यात कंपनीनं उरलेल्या रजा संपवा असं फर्मान काढलं. रजा संपवायला सांगणं हे काही चांगलं लक्षण नव्हतं; माणूस काढला की मग रजेचे पैसे द्यावे लागत नाहीत. पण मैत्रीण म्हणाली, "देतायत ना, घे. मनोरीला जाऊ. तिथे तुझी तयारी करून घेते. घरी तू भाजी टाकायला उठतेस."

मार्वेच्या धक्क्यावरून बोट पकडली. बोटीत आमच्यासोबत स्कूटर, मिठाच्या गोणी आणि शाळेला दांडी मारलेलं एक जोडपं होतं. पलीकडे उतरून आम्ही किनाऱ्याने चालत गेलो. बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले होते, वास सगळीकडे. एका पडक्या कट्ट्यावर तिनं मला बसवलं, स्वतः समोर उभी राहिली आणि आवाज जाड करून विचारलं, "टेल मी अबाउट युअरसेल्फ."

मी सुरू केलं. पहिल्याच वाक्यात तिनं थांबवलं. "आवाज कुठे गेला? क्लेमवाल्यांशी बोलताना कशी बोलतेस? तशी बोल."

पुन्हा सुरू केलं. मग तिनं विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस? मी म्हटलं, इथेच, बोंबील खात. तर ओरडली, "माका चेष्टा नको हां!" जवळच मासळी उलटवणारी एक कोळीण बाई उठून आमच्यापाशी आली आणि तिनं काळजीनं विचारलं, "भांडताय का गं पोरींनो?" आम्ही सांगितलं की नोकरीच्या मुलाखतीची तयारी चाललीय. तिला वाटलं, ही मोठी बाई मला नोकरीवर ठेवतेय. तिनं मैत्रिणीला माझी शिफारस केली. "ठेव गं तिला. गरीब दिसते." मैत्रीण तिथल्या तिथे खाली बसून पोट धरून हसली.

नंतर जागा बदलून मी प्रश्न विचारले आणि तिनं उत्तरं दिली. तुमचा दोष काय, असं विचारल्यावर ती चपलेतली वाळू झटकू लागली. म्हणाली, "माझा दोष म्हणजे मी दुसऱ्यांना चांगलं विकते, यार. स्वतःबद्दल बोलायचं झालं की मला लाज वाटते." तोपर्यंत मला वाटायचं की तिला कशाचीच लाज वाटत नाही. दिवसभर आम्ही तेच करत होतो. दुपारी एका घरी जेवलो, पुन्हा कट्ट्यावर आलो. शेवटच्या बोटीनं परत निघालो तेव्हा मला भीती वाटत नव्हती. इतका मोकळा दिवस मला त्याआधी कधी मिळाला होता ते आठवत नाही, आणि नंतर तर नाहीच मिळाला.

काही दिवसांनी मी तिला सांगितलं की गुरुवारी माझी मुलाखत आहे. ती म्हणाली, माझीही आहे. कुठे ते मात्र दोघींनीही सांगितलं नाही. आधी बोललं की होत नाही अशी तिची ठाम समजूत होती आणि ती मलाही पाळायला लावायची.

गुरुवारी मी घाटकोपरला त्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये शिरले, तर सोफ्यावर ती बसलेली. गळ्यात व्हिजिटरचा पास, पायांत ठेवणीतल्या चपला. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि असं हसू फुटलं की रिसेप्शनवरच्या मुलीनं पाणी आणून दिलं. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "जागा किती आहेत?"

"एकच म्हणाली होती ती कन्सल्टंट."

"मलाही."

मी उठून पर्स खांद्याला लावली. मी म्हटलं, "मी जाते परत. तू दे." त्याबरोबर ती खवळली. "गप र्‍हव. एवढा मनोरीपर्यंत जाऊन घसा फोडलाय मी. आत जा आणि नीट बोल. मुद्दाम वाईट बोललीस ना, तर बघ." आणि तिनं पुढे होऊन माझी ओढणी सारखी केली.

मला आधी बोलावलं. मी नीट बोलले. त्यांनी विचारलेलं बरंचसं कट्ट्यावर विचारून झालेलं होतं. उत्तर देताना मला तिचा जाड केलेला आवाज ऐकू येत होता. दोष विचारला तेव्हा माझ्या ओठांवर तिचंच उत्तर आलं, ते मी गिळलं आणि माझं सांगितलं. मग ती आत गेली. मी थांबले. ती बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते.

"बोललीस स्वतःबद्दल?" मी विचारलं.

"बोलले बाई. मेले लाजेनं."

तिथून आम्ही खाऊगल्लीत गेलो आणि एकाच ताटलीत डोसा खाल्ला. तो दुपारचा डोसा, तव्यावरचा तो आवाज, तिचं बोटं चाटणं मला अजून जसंच्या तसं दिसतं. ती म्हणाली, "कुणाचंही झालं तरी दुसरीनं तोंड पाडायचं नाही." मी हो म्हटलं.

तिचं झालं. तिनं मला फोनवर नाही सांगितलं. पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हपाशी सांगितलं आणि सांगताना रडली. मी तोंड पाडलं नाही. खरंच मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते तिच्या शेवटच्या दिवशी, ती ओळखपत्र जमा करायला गेली तेव्हा. त्यावरच्या फोटोत ती अगदीच पोरगी दिसत होती.

ती गेल्यानंतर थोड्याच आठवड्यांत एचआरची बाई माझ्या खुर्चीपाशी आली. तिनं नेलं त्या खोलीत टेबलावर टिश्यूंचा डबा होता, जवळजवळ संपलेला. ती पाठ केलेलं बोलत होती, डोळे सुजलेले होते. तिचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही जेवलात का?" तिनं नाही अशी मान हलवली आणि डब्यातला टिश्यू तिनंच घेतला.

नंतरचे महिने मी घरी होते. सकाळी मुलगी शाळेत, नवरा कामाला, आणि मी सोसायटीच्या खिडकीतून कंपन्यांच्या बस जाताना बघायचे. मैत्रीण रोज आपल्या बसमधून फोन करायची. "उठलीस? गाऊन बदल. फोनवरची मुलाखत असली तरी नीट कपडे घाल, आवाजात फरक पडतो." कधी मी चिडायचे, तुला काय जातंय सांगायला, म्हणायचे. ती ऐकून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. बरेच नकार आले. बरेच जण तर नकार कळवायचेही नाहीत.

शेवटी मुलुंडमध्येच, औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. तिथे हॉस्पिटलच्या खाटा बनतात. वाटेत मोडतोड झाली, चाक निघालं, अशा तक्रारी मी सांभाळते. मालक म्हातारे कच्छी गृहस्थ. त्यांनी माझा कागद वाचला आणि म्हणाले, "एवढी वर्षं एकाच जागी? मग आमच्याकडे पण राहशील ना?" मी बाहेर येऊन पहिला फोन तिला केला. ती बसमध्ये ओरडली, तिच्या शेजारचे लोक काय झालं विचारत असलेले मला ऐकू आले.

आता मी चालत कामावर जाते. काम साधं आहे, माणसं बरी आहेत. पण डब्याच्या वेळी कुणी वाटी घेऊन येत नाही. आमचा जुना मजला म्हणे कुठल्याशा कोचिंग क्लासनं घेतलाय. तिचे फोनही कमी झाले, ते साहजिक आहे. दोघींचेही दिवस भरलेले.

मध्यंतरी एका रविवारी तिच्या आईला बरं नव्हतं म्हणून दिंडोशीला गेले. मैत्रीण तिथेच होती, केस बांधून सोलकढी करत होती. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिला आता सगळं नीट आठवत नाही. माझा हात हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग ओळख पटली.

"तुमी दोघी अजून एकाच हापिसात काय गो?"

मी मैत्रिणीकडे बघितलं. तिनं नारळाचं दूध पिळता पिळता मान वर केली नाही.

"होय गे आये," ती म्हणाली. "शेजारीच बसतंव."