भावाच्या पायाची वाटी

स्टोअरवाल्या काकांची आत्यांशी ओळख होती असं म्हणणं जरा धाडसाचंच. अकरा वर्षं दोघं एकाच कारखान्यात होते, पण आत्या चहात साखर घेतात की नाही, हेसुद्धा काकांना सांगता आलं नसतं. काका मालाच्या खिडकीआड बसत, आणि आत्या पलीकडच्या खोलीत एरंडेलापासून राळ घोटत. त्या राळेत तागाचं कापड भिजवून खुर्च्यांच्या बैठका बनत. त्या आमटीच ढवळतायत अशा थाटात जाता-येता कुणीतरी विचारायचंच, "आत्या, मीठ बघितलं का?" आत्या मान वर न करता म्हणायच्या, "तुझ्या जिभेला पुरेल एवढं आहे."

एका गुरुवारी त्या खिडकीशी आल्या आणि दोन हात कापड मागू लागल्या. धाकट्या भावाचा पाय गुडघ्याखालून गेला होता. उरलेला पाय जिच्यात बसवायचा ती कृत्रिम पायाची जुनी वाटी रुतून जखमा व्हायच्या, म्हणून तो आठ महिने खाटेला खिळून होता. आता उभ्याने करायचं एक काम मिळत होतं. सोमवारी हजर झाला नाही, तर ते दुसऱ्याला जाणार होतं. नवी वाटी आत्या स्वतःच करणार होत्या. मालकांना विचारून झालं होतं, साचाही तयार होता.

काकांनी ठेवणीतलं ठाण काढलं. कापताना धागे सुटू नयेत म्हणून सवयीने त्यावर पाणी शिंपडलं. एरवी कापलेलं कापड दिवसभर गरम कपाटात सुकायचं. आत्यांनी मात्र ते हातमोज्यांनीच काकांच्या हातून घेतलं ते थेट कामालाच लावलं.

शुक्रवारी वाटी साच्यावरून निघाली ती बुडबुड्यांनी भरलेली. अंगठ्याने दाबली तरी चुरत होती. ओल लागली की राळ फेसाळते, हे आत्यांना काय सांगायचं? पण काकांकडून ओलं कापड येईल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. वय झालं आपलं, एवढंच म्हणून त्या हात पुसत राहिल्या.

काकांचा डबा त्या दुपारी तसाच राहिला. गप्प बसले असते तर कुणाला कळणारही नव्हतं. तीनदा ते त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परतले. चौथ्यांदा आत गेले.

"कापड ओलं होतं. मीच पाणी मारलं होतं."

आत्या स्टुलावर टेकल्या.

"अहो, मग देवच पावला म्हणायचा. मला वाटलं, माझा हातच गेला."

शनिवारी कपाटातून काढलेल्या गरम कापडाचे थर दोघांनी मिळून चढवले. काका कापड ताणून धरत, आत्या राळ चोपडत. तेवढ्या वेळात बोलणं झालं ते "इकडे" आणि "जरा सैल" एवढंच. सोमवारी भाऊ कामावर उभा राहिला. अधूनमधून भिंतीला टेकत होता, पण राहिला.

पुढे दोन वर्षांनी, एका रविवारी, आत्या झोपेतच गेल्या.

आदल्या संध्याकाळी सुटी झाल्यावर त्या खिडकीशी थांबल्या होत्या. काकांनी विचारलं, भाऊ काय म्हणतोय?

"म्हणतोय काय! घरी आला तरी बसत नाही मेला."

"रागवा की जरा."

"रागवते तर. ऐकतोय कुठे?"

काका हसले. "बरं, जाताना दार ओढून घ्या."

"घेते," आत्या म्हणाल्या.