निघतानाचा दहीभात

टिकलीने उलटी केली तेव्हा नळी माझ्या हातात होती, तिच्या घशात नव्हती.

मी प्राण्यांची डॉक्टर. कर्वेनगरला माझं क्लिनिक आहे. टिकली ही जोगळेकर काका-काकूंची गावठी कुत्री. कपाळावर काळा ठिपका, म्हणून टिकली. ती पिल्लू असतानाच मी सांगितलं होतं, पहिल्यांदा माजावर येण्याआधी नसबंदी करून घ्या, पुढे स्तनांत गाठी होण्याची भीती फार कमी होते. काकू म्हणाल्या होत्या, "एकदा तरी आई होऊ दे हो तिला." आई झालीच नाही. म्हातारपणी लिंबाएवढी गाठ मात्र झाली.

तरी वेळ गेलेली नव्हती. एक्स-रेमध्ये छाती स्वच्छ होती, रक्ताचे रिपोर्ट चांगले होते. गाठ काढली की कुत्री आणखी काही वर्षं मजेत जगेल, असं मी सांगितलं होतं आणि मला तसंच वाटत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पोट रिकामं हवं, हा नियम माणसांना तसाच जनावरांना. भूल दिली की घसा सैल पडतो. पोटात काही असेल तर ते वर येतं आणि थेट फुप्फुसात उतरतं. म्हणून भूल चढताच आम्ही श्वासनळीत एक नळी बसवतो. तिच्यातून ऑक्सिजन जातो आणि बाकी काही आत जात नाही. भूल चढणं आणि नळी बसणं यांत काही क्षण जातात. त्या क्षणांसाठी तो उपास.

काका तिला रिक्षाने घेऊन आले. काकू आल्या नव्हत्या.

"ही देव पाण्यात घालून बसलीय," काका म्हणाले. "देवांना सर्दी झाली तर तुमच्याकडेच आणतो."

"टिकलीने काही खाल्लंय?"

"अहो डॉक्टर, रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही. तिच्यासमोर ताट घेऊन बसायचं कोणी?"

इतकं सरळ उत्तर. मी भूल दिली, तोंड उघडलं, नळी उचलली आणि घशातून पांढरं काहीतरी वर आलं. भाताची शितं. आंबूस वास. माझे असिस्टंट शकीलभाई यांनी टेबलाची डोक्याकडची बाजू झटकन खाली केली, मी सक्शनने घसा साफ केला, नळी घातली. पण आत जायचं ते गेलं होतं. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. गाठीला हातही न लावता मी भूल बंद केली.

बाहेर येऊन मी काकांना म्हटलं, "टिकलीने दहीभात खाल्लाय."

"छे!" मग त्यांनी चष्मा काढला. "निघताना हिने भरवला. शकुनाचा."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं की. चमचाभर द्यायला गेली. कुत्री रात्रीपासूनची भुकेली, वाडगा चाटूनपुसून साफ केला. पण डॉक्टर, ते खाणं थोडंच आहे? आमच्याकडे दह्याशिवाय कोणी परीक्षेलासुद्धा गेलेलं नाही."

मला संताप आला. ओरडायला तोंडही उघडलं होतं. पण माझ्या प्रत्येक परीक्षेच्या दिवशी माझ्या आईने माझ्या हातावर दहीच ठेवलेलं. विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, काही न खाताच आले. मी तोंड मिटलं.

पोटातलं आंबट फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, आणि म्हाताऱ्या जनावराला तो झेपत नाही. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, वाफ, सगळं केलं. टिकली मान लांब करून श्वास ओढत राहिली. तिसऱ्या दिवशी आता फार वेळ नाही हे दिसलं, तेव्हा काकांना म्हटलं, काकूंना घेऊन या.

आणायला जाण्याआधी ते दारात थांबले. "हिला दह्याचं सांगू नका. हिला सोसायचं नाही."

"मग काय सांगू?"

"भूल मानवली नाही म्हणा. लोक तुम्हाला नावं ठेवतील, कल्पना आहे मला."

काकू आल्या. पदराने टिकलीचं तोंड पुसत बसल्या. टिकली त्यांच्या हाताखालीच गेली.

"कशाने हो झालं?" त्यांनी विचारलं.

"भूल मानवली नाही, काकू."

बराच वेळ त्या तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "उपाशी नाही पाठवली मी तिला. दहीभात खाऊन निघाली होती. तेवढंच समाधान."

काका भिंतीकडे बघत होते. मी ग्लव्ह्ज काढण्यात वेळ घालवला.

लोकांनी नावं ठेवलीच. बाई भूल जास्त देते, असं काका-काकूंच्या सोसायटीत झालं आणि तिथली बरीच कुत्री-मांजरं दुसरीकडे जाऊ लागली. तेव्हापासून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः प्रत्येकाला फोन करते. अन्न बंद, आणि निघताना दही, साखर, प्रसाद, तीर्थ काहीही नाही. लोक हसतात. हसोत.

वर्षभराने काकूंनी रस्त्यावरचं एक पिल्लू घरी आणलं. नाव चिंगी. या वेळी नसबंदीची तारीख त्यांनीच मागून घेतली. "आई-बिई काही नको आता," म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी मी फोन लावला. काकांनी उचलावा अशी फार इच्छा होती. काकूंनी उचलला.

"काका आहेत?"

"भाजी आणायला गेलेत. मला सांगा ना."

रात्रीपासून अन्न बंद, हे सांगितलं. तिथेच थांबता आलं असतं. काकांना नंतर गाठता आलं असतं. पण भरवणार त्या होत्या.

"आणि काकू, निघताना दही द्यायचं नाही."

"चमचाभरसुद्धा नाही?"

"चमचाभरसुद्धा नाही. भुलीत ते वर येतं आणि छातीत जातं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे टिकली..." काकू म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला.

सकाळी दोघंही आले. चिंगीचं पोट रिकामं होतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. काकू बाहेर बसून होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "तेव्हाच सांगायला हवं होतं." मी हो म्हटलं.

टाके काढायला काका एकटे आले. मी काकूंची चौकशी केली.

"बरी आहे," ते म्हणाले. "घरात विरजण लावणं बंद केलंय."

चिंगीची जखम छान भरली होती. काही खाल्लंय का, असं मी आता कोणालाच विचारत नाही. काय भरवलंत, असं विचारते.