मावशीचा भोंगा

मावशी ओरडत नाही, बोलते. हे तिने जन्मभर लोकांना सांगितलं आहे, तेही इतक्या मोठ्याने की कुणाचा विश्वास बसू नये. बसमध्ये, बँकेच्या खिडकीपाशी, दवाखान्यात लोक दोन्ही तळवे खाली दाबून तिला खुणावतात: हळू, बाई, हळू. जणू ती उतू चाललेलं दूध आहे. त्या तळव्यांचा तिला जितका राग येतो तितका शिवीचाही येत नाही.

तिचे कान गिरणीने खाल्ले. कापडाच्या गिरणीत मागांच्या खात्यात ती लग्नाआधी शिरली आणि गुडघे गेल्यावर बाहेर पडली. एका पत्र्याखाली शेकडो माग, आणि प्रत्येक मागाचा लाकडी धोटा दिवसभर इकडून तिकडे आपटत असायचा. बारीक आवाज आधी गेले. चमच्याचा, दारावरच्या घंटीचा, लहान मुलांचा. मग उरलेलेही विरत गेले. गिरणीच्या डॉक्टरने सांगितलं, वय झालं की असं होतं. तेव्हा तिचं वय माझ्या आजच्या वयापेक्षा कमी होतं. तो डॉक्टर आता मेला. मावशीला त्याचंही वाईट वाटतं, कारण त्याला बरंच काही सुनवायचं राहून गेलं.

त्या खात्यात बोलायचं असेल तर आवाज काढून उपयोग नसे. बायका ओठांनी बोलायच्या. प्रत्येक शब्द ओठ ताणून, भुवया नाचवून, सावकाश घडवायच्या, आणि चार माग पलीकडे उभी असलेली बाई तो वाचून हसायची. माझी आईही त्याच खात्यात होती. दोघी बहिणी जेवताना आमच्या डोक्यावरून अशा मुक्याने भांडायच्या. मुलांना कळू नये म्हणून. मला सगळं कळायचं. मी लिहायला शिकण्याआधी त्यांच्या ओठांवरून शिव्या वाचायला शिकले.

असल्या कानांच्या बाईने पक्षी आणावा याला काही अर्थ नव्हता. मला मांजर हवं होतं म्हणून आम्ही दोघी प्राण्यांच्या आश्रयगृहात गेलो होतो. ओल्या फरश्या, जंतुनाशकाचा वास, आणि जाळ्यांमागे ती सगळी टाकून दिलेली जनावरं, आपल्याकडे बघणारी. मावशी प्रत्येक जाळीपुढे थांबून विचारत होती, याला का सोडलं. उत्तर ऐकून तिचा चेहरा आणखी घट्ट होत होता.

कोपऱ्यातल्या टेबलावर एका पिंजऱ्यात बजी होता. मुठीत मावेल एवढा छोटा पोपट, पोट हिरवं, पाठीवर काळ्या लाटा.

"आणि हा?"

"हा आवाज फार करतो, काकू," तिथली बाई म्हणाली. चेहऱ्यावर ओरखडे, हातात चाव्यांचा जुडगा, दमलेली पण शहाणी बाई. "दोन घरांनी परत आणून दिला. उजाडलं की सुरू होतो. शेजारी तक्रार करतात."

मावशीने तिच्या ओठांवरून शेवटचा शब्दसुद्धा सोडला नाही. "ओरडतो म्हणून हाकलला?"

"तसंच म्हणा."

"द्या इकडे."

"पक्षी पाळलाय का कधी?"

"नवरा पाळला होता."

ती बाई हसली, पण अट घालायला विसरली नाही. पुढच्या आठवड्यात ती घरी येऊन बघणार. पक्षी खात नसेल, रुळत नसेल, घरात किंवा शेजारी कुणाला त्याचा त्रास होत असेल, तर ती त्याला परत नेणार. "आणि तिसऱ्यांदा परत आला," ती मला म्हणाली, "तर याला कुणी घेणार नाही. मोठ्या पिंजऱ्यात टाकावा लागेल. तिथे हा टिकेल असं मला वाटत नाही."

मावशीने तेही वाचलं. परतीच्या बसमध्ये पिंजरा मांडीवर धरून ती म्हणाली, "याचं नाव भोंगा." गिरणीत पाळी सुरू होताना वाजणारा तो भोंगा. साऱ्या बसने वळून पाहिलं.

मावशीचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. दुसऱ्या दिवशी मी गेले तर जिन्यातच रेडिओ ऐकू आला. आत गेले तर रेडिओ पूर्ण आवाजात, डोक्यावर पंखा खडखडतोय, कपडे धुण्याचं मशीन फिरतंय, आणि त्या मशीनवरच पिंजरा ठेवलेला. पिंजरा थरथरत होता.

"हे काय चालवलंयस?"

"त्याला एकटं वाटू नये म्हणून."

ती गंमत करत नव्हती. मागांच्या खात्यात शांतता कधी पडायची हे मला ठाऊक आहे. कुणाचा हात सापडला, कुणाचे केस पट्ट्यात गेले, की माग एकामागून एक बंद पडत जायचे आणि सगळ्या बायका माना उंचावून बघायच्या, कोण गेलं. गोंगाट आहे म्हणजे सगळ्या जिवंत आहेत, असा तिथला हिशेब. मावशीने त्या पाखराला आपल्याकडची सगळ्यात मोठी माया दिली होती. तिने त्याला एक पूर्ण गिरणी दिली होती.

"आणि बघ," ती अभिमानाने म्हणाली, "सकाळपासून गातोय."

मी वाकून पाहिलं. भोंगा कोपऱ्यात गज धरून चिकटला होता. पिसं अंगाला इतकी आवळलेली की तो पेन्सिलीएवढा दिसत होता. चोच उघडी होती आणि शेपूट खालीवर होत होतं. आवाज नव्हता. मी रेडिओ बंद केला, मशीन बंद केलं. तरीही आवाज नव्हता.

"मावशी, तो गात नाहीये."

"चोच हलतेय की."

"धाप लागलीय त्याला. घाबरलाय."

ती बराच वेळ त्या उघड्या चोचीकडे बघत राहिली. मग पिंजऱ्यातली वाटी काढून माझ्यापुढे धरली. दाणे जसेच्या तसे. "मला वाटलं, गाण्याच्या नादात खात नाही."

आश्रयगृहातल्या बाईला मी तिथूनच फोन लावला. तिने बरोबर तेच सांगितलं जे सांगायला हवं होतं. पिंजरा भिंतीच्या कोपऱ्यात, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. तीन बाजूंनी चादर टाका, त्याला लपायला जागा वाटेल. आत हात घालू नका. जवळ बसून राहा. आणि त्याच्याशी बोला, पण अगदी हळू.

मी सगळं सांगितलं. शेवटचं सांगताना माझे तळवे आपोआप खाली दाबले गेले. मावशीने ते तळवे पाहिले.

"तीसुद्धा," ती म्हणाली.

"पक्ष्यासाठी म्हणतेय ती."

"सगळे कुणासाठी तरी म्हणतात. बँकेतला म्हणतो, बाकीच्या लोकांसाठी. दवाखान्यातली म्हणते, पेशंटसाठी. तुझा काका म्हणायचा, चार भिंतींसाठी. हळू म्हणजे कसं, ते सांग ना. मला माझा आवाज ऐकू येत नाही, बये. मी हळू बोलतेय का मोठ्याने, हे मला तुमच्या तोंडाकडे बघून कळतं. तुम्ही तोंड वाकडं केलंत की कळतं. आता याच्याही तोंडाकडे बघू?"

"एकदा करून तर बघ."

तिने पिंजऱ्याजवळ तोंड नेलं आणि तिला कुजबुज वाटेल असं काहीतरी बोलली. भोंगा फडफडत समोरच्या गजांवर आदळला. एक हिरवं पीस हलत हलत खाली आलं.

मावशीने रेडिओची वायर भिंतीतून हिसकली, रेडिओ उचलला आणि बाल्कनीत नेऊन आपटला. "जन्मभर माणसांचं ऐकलं," ती म्हणाली, "आता पाखरांचंही ऐकायचं. ने त्याला. आत्ता ने. सांग तिला, म्हातारीचं तोंड खराब आहे."

"नेला तर त्याचं काय होईल, माहीत आहे तुला."

ती बाल्कनीच्या दारात पाठ करून उभी राहिली. मी पिंजरा कोपऱ्यातल्या कपाटावर ठेवला, तीन बाजूंनी जुनी चादर टाकली, आणि चहा करायला आत गेले.

परत आले तेव्हा ती पिंजऱ्यापुढे खुर्ची घेऊन बसली होती. तिचा चेहरा पाहून मला वाटलं तिला झटका आला. ओठ ताणले जात होते, मिटत होते, भुवया कपाळात चढत होत्या. मग मी वाचलं.

कुणी सांगितलं होतं तुला माझ्याकडे यायला, मुडद्या. दोन घरांनी लाथ मारली तरी अक्कल आली नाही. खा. खा नाहीतर मर. मेलास तर याद राख, मी तुला सोडणार नाही.

आवाजाचा कणही नव्हता. इतका राग होता की तो बाहेर काढल्याशिवाय तिला राहवत नव्हतं, आणि बाहेर काढला तर पाखरू मरत होतं. म्हणून तिने तो गिरणीत नेला होता. आणि भोंग्याने मान तिरकी करून एक डोळा तिच्या तोंडावर रोखला होता. त्याची पिसं किंचित सैल झाली होती.

त्या दिवसापासून ती रोज तिथे बसू लागली. मी कामावरून जाताना डोकावायचे. प्रेमाचं एक अक्षर नसायचं. मुकादम, गिरणीचा डॉक्टर, पेन्शनच्या कचेरीतला कारकून, गेलेला नवरा, माझी आई, मी, एकेकाचा उद्धार चालायचा. भोंगा ऐकायचा, म्हणजे बघायचा. आधी कोपऱ्यातून, मग मधल्या दांडीवरून, मग गजांना चोच लावून. तिच्या बोटांतलं राळ्याचं कणीस तो खाऊ लागला तेव्हा ती त्याला सांगत होती की त्याच्याइतका हावरट प्राणी तिने फक्त मुकादमाच्या रूपात पाहिला आहे.

खालच्या मजल्यावर शिंपी राहतो. त्याने मला जिन्यात अडवलं. "मावशी आजारी आहेत का? आवाज नाही आठवडाभर. इतकं बरं वाटतंय की काळजी वाटायला लागली."

ठरल्याप्रमाणे आश्रयगृहातली बाई आली. मावशी त्या दिवशी कुणाशी बोललीच नाही, मानेनेच या-बसा केलं. बाईने पिंजऱ्याची जागा बघितली, चादर बघितली. दाण्यांची वाटी हातात घेतली. वाटी काठोकाठ भरलेली होती, पहिल्या दिवशी होती तशीच. तिने वाटीवर हलकेच फुंकर मारली. वरची सगळी सालं उडाली, खाली वाटी जवळपास रिकामी.

"खातोय," ती म्हणाली. "हे फसवतात. साल तिथेच टाकतात."

तेवढ्यात भोंगा सुरू झाला. मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. एवढ्याशा छातीतून कसा निघतो कळत नाही. गंजलेलं दार कुणी उघडतंय आणि मिटतंय, असा. तो मधल्या दांडीवर ताठ उभा राहून ओरडत होता आणि थांबत नव्हता. मावशी खिडकीकडे बघत होती. तिला पत्ता नव्हता.

जिन्यात पावलं वाजली. शिंपी, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून तो दारातूनच म्हणाला, "हे काय नवीन? इतके दिवस बाई, आता हा. कालपासून डोकं उठलंय माझं. सकाळी तर झोपू देत नाही. काहीतरी बंदोबस्त करा, नाहीतर मी मालकाकडे जातो."

आश्रयगृहातल्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मला अट आठवली, आणि तिलाही आठवली होती.

आम्ही दाराकडे वळलो तशी मावशीही वळली होती, आणि तिने शिंप्याचे ओठ वाचले होते. ती उठली. "कालपासून?" तिने विचारलं.

"हो, कालपासून."

"ओरडतोय?"

"कान किटले म्हणतोय ना."

"पुन्हा सांग."

"ओरडतोय. तुमचा पोपट ओरडतोय." शिंप्याने तळवे खाली दाबून दाखवले. "त्याला जरा हळू..."

मावशी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिने श्वास भरून घेतला. मी डोळे मिटणार होते. पण तिने एकदा वळून कपाटाकडे पाहिलं, आणि मग तिचे ओठ सुरू झाले. शिंप्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर, आवाज न काढता, जन्मभराचं. त्याची कात्री, त्याचा टेप, त्याचे बाप-आजे, बँकेची खिडकी, दवाखाना, बस, तळवे खाली दाबणारा प्रत्येक हात. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या. शिंप्याला एक अक्षर कळलं नाही. तिच्या ओरडण्याला तो कधी घाबरला नव्हता, हे मात्र त्याला सोसवेना. तो एक पायरी उतरला, मग दुसरी. "बरं बरं," तो म्हणाला, "खिडकी तेवढी मिटत जा सकाळची," आणि खाली गेला.

आश्रयगृहातल्या बाईने मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

त्यातलं सांगण्यासारखं एकच वाक्य होतं. "म्हणाली, तो ओरडत नाही, बोलतो."

ती बाई पिंजऱ्यापाशी थोडी थांबली. मग तिने चादरीची एक बाजू वर केली. "आता एवढी झाकायची गरज नाही," ती म्हणाली. "आणि सकाळी खिडकी मिटा. तो माणूसही चुकीचं बोलत नव्हता." चपला घालून ती गेली.

दार लागलं तसं मावशी पिंजऱ्याकडे वळली. आठवडाभराचं साठलेलं एकदम निघालं. "ऐकलंस का रे मेल्या, राहिलास," ती पूर्ण आवाजात म्हणाली. कपाटावरची वाटी किणकिणली.

भोंगा दचकला, मागच्या गजांवर गेला, पिसं आवळली. मावशीने तोंडावर हात दाबला. मग तो सरकत सरकत पुढे आला, दांडीवर पाय रोवले, आणि तिच्या तोंडासमोर तोंड आणून तिच्यावर ओरडला.

मी सांगायला पुढे झाले. तिने हातानेच मला मागे सारलं. धापेची चोच कुठली आणि बोलण्याची कुठली, हे आता तिला दिसत होतं.