खडूची फुली

बारा मे. सकाळी दहा वाजता ऑफिसात बसून मी स्वतःच लिहिलेली अकरा वाक्यं पुन्हा वाचत होते.

आमची कंपनी बियाण्यांची, जुन्या जालन्यात, स्टेशनच्या बाजूला. साठ्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडे. थंडीत कंपनीने एआय एजंट बसवला. विक्रेत्यांची मागणी वाचायची, कुठल्या लॉटमधून माल द्यायचा ते ठरवायचं आणि गाडी भरायचा आदेश गोदामाला पाठवायचा, हे त्याचं काम. त्यासाठी सॉफ्टवेअरमधली अकरा टूल्स त्याच्या हाती दिलेली. कुठलं टूल काय करतं, हे त्याला फक्त लिहिलेल्या वर्णनावरून कळतं. ती वर्णनं मी लिहिली, प्रत्येकी एक वाक्य. एकाच दुपारी काम उरकलं आणि उरकल्याचा आनंदही झाला.

दोन दिवसांपूर्वी कुंभार पिंपळगावच्या विक्रेत्याकडे कपाशीच्या बियाण्याची गाडी गेली. त्यातला एक लॉट जायला नको होता. पहिल्या उगवण चाचणीत तो पास होता, पण रोपं कमजोर वाटली म्हणून प्रयोगशाळेने फेरचाचणीला घेतला होता. अशा वेळी प्रयोगशाळा गोदामात फोन करते आणि गोदामवाले मामा त्या लॉटच्या थप्पीवर खडूने मोठी फुली मारतात. फुलीच्या थप्पीला कोणी हात लावत नाही. निकाल चांगला आला की मामा ओल्या फडक्याने फुली पुसतात. कॉम्प्युटरमध्ये याची कुठेच नोंद नसते.

त्या दिवशी मामा भाचीच्या लग्नाला त्यांच्या गावी, केदारखेड्याला गेले होते. त्यांच्या जागी असलेल्या माणसाने फुली पाहिली, पण हातात आदेश होता. पुसायची राहिली असेल असं समजून त्याने गाडी भरून दिली. संध्याकाळी प्रयोगशाळेच्या लक्षात आलं. विक्रेत्याने अजून एकही पिशवी विकली नव्हती, म्हणून माल तसाच परत आला.

नुकसान झालं नाही, पण चूक कोणाची हे कंपनीच्या मालकांना, शेठजींना, कळायला हवं होतं, आणि उत्तर सोपं निघालं. मामांनी जाताना सांगून जायला हवं होतं. एक तारखेपासून त्यांना गोदामातून काढून गेटवर बसवायचं ठरलं. बावीस वर्षं गोदामात काढलेला माणूस.

मी मामांना बोलावून घेतलं. समोर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"ताई, मी फुली मारूनच गेल्तो," ते म्हणाले. "तुमच्या एजंटाला दिसली न्हाई का?"

त्याला डोळे नाहीत, मी सांगितलं.

"मंग गेटवर त्यालाच बसवा. मला तरी दिसतं."

ते हसले नाहीत. मीही नाही. गेटवर बसायची लाज नव्हती त्यांना, पण आपल्या हातून वाईट बियाणं गेलं असं गावात कोणी म्हणेल, हे त्यांना खात होतं. केदारखेड्यात निम्मी घरं आमचंच बियाणं लावतात.

ते गेल्यावर मी एजंटची नोंद उघडली. कुठलं पाऊल का उचललं, हे तो लिहून ठेवतो. त्याने काहीतरी गाळलं असेल अशी माझी खात्री होती. त्याने काहीच गाळलं नव्हतं. लॉट तपासायच्या टूलला विचारलं होतं, उत्तर 'पास' आलं होतं, आणि खाली कारण म्हणून माझंच वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं: 'हे टूल लॉट पाठवण्याजोगा आहे की नाही ते सांगते.'

ते टूल असं काही सांगत नाही. ते फक्त पहिल्या चाचणीचा निकाल आणून देतं. मला हे माहीत होतं. पण एजंट येण्याआधी आदेश मीच काढायचे, आणि इतकी वर्षं निकाल बघायचा आणि लगेच मामांना फोन करायचा, हे मी एका दमात करत आले. लिहिताना मामांचं काम टूलच्या नावावर टाकून मोकळी झाले.

वाक्य गुपचूप बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं. चहा संपेपर्यंत मी तो विचार केलाही. मग नोंदीचा कागद छापला आणि शेठजींच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे माणूस चुकला की मशीन?"

"दोन्ही नाही. मी चुकले. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं, आणि मामांनी रोजचं काम केलं."

त्यांनी कागद घडी करून खणात ठेवला. मग म्हणाले, सगळी वर्णनं नव्याने लिहा, आणि चालू करण्याआधी मला दाखवा. मी म्हटलं, मामा गोदामात असल्याशिवाय मला ती लिहिता येणार नाहीत.

"मग राहू द्या त्यांना तिथंच," शेठजी म्हणाले. "पण तुमचं लिहिलेलं आता मी बिलकुल डोळे मिटून घेणार नाही."

ते रास्तच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, हमाल यायच्या आत, मी वही घेऊन गोदामात गेले. मामांबरोबर पहिल्या थप्पीपासून चालत निघाले. कुठला लॉट कधी पाठवायचा नाही, एवढंच विचारत गेले. मग पोत्यावर बसून पहिलं वर्णन लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं: 'हे टूल फक्त पहिल्या उगवण चाचणीचा निकाल सांगते. फेरचाचणी चालू आहे का, हे त्याला कळत नाही. आदेश देण्याआधी गोदामात मामांना विचारावे.'

"बराबर," मामा म्हणाले.

"आणि तुम्ही गावाला गेला असाल तर?"

त्यांनी थप्पीवरच्या फुलीकडे पाहिलं. "मंग थांबायचं. मी येईपर्यंत."

मी तेही लिहिलं.